स्थितीचा रकाना

दोन वर्षांपूर्वीच्या पौषात, तुरीच्या गंज्या अजून खळ्यावर होत्या तेव्हा, आमच्या गावाच्या शिवेवर निंबाखाली बसून मी एका दगडाची नोंद करीत होते. मोर्शी, चांदूर बाजार आणि अचलपूर या तीन तालुक्यांत उघड्यावर असलेली मध्ययुगीन शिल्पे हा माझ्या पीएच.डी.चा विषय. प्रत्येक शिल्पासाठी एक कार्ड आणि कार्डावर मीच आखलेले सहा रकाने: स्थान, दगड, उंची, विषय, काळ, स्थिती. निंबाखालचा हा दगड म्हणजे आमची मरीमाय. तिचा ओटा झाडणे, तिला शेंदूर लावणे, आषाढात तिच्यापुढे दहीभात ठेवणे हे सारे माझी मोठीमाय करीत आली आहे. तिच्याआधी तिची सासू करायची. त्या सकाळी ती खराटा घेऊन आली, मी लिहिते आहे हे पाहून थांबली आणि म्हणाली, "काय लिहलं तिच्याबद्दल, वाचून तं दाखव." मी वाचले. गावाची उत्तर शीव, काळा बेसाल्ट, उंची ६२ सेंमी, विषय अनिश्चित, बहुधा देवी, काळ अनिश्चित, स्थिती: शेंदराच्या जाड लेपामुळे तपशील नष्टप्राय. मोठीमायने सगळे ऐकून घेतले. तिला अडला तो शेवटचा शब्द. "नष्ट म्हंजे म्या खराब केली म्हन नं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मी घाईघाईने सांगू लागले की तसे नाही, खालचे कोरीव काम दिसत नाही एवढेच मला म्हणायचे होते. ती दगडाकडे वळली, तिथल्या चांदीच्या दोन डोळ्यांकडे तिने पाहिले आणि म्हणाली, "दिसत तं हाय." मग ती झाडू लागली. खराट्याने उडालेली निंबाची पिवळी पाने माझ्या कार्डावर येऊन पडली.

कार्डावरचे ते वाक्य मी तेव्हा खोडले नाही.

खोडले नाही, कारण ते मला चूक वाटत नव्हते. जे मी शिकले होते त्यात ते चपखल बसत होते, आणि जे शिकले होते त्यावर माझे प्रेम होते, आजही आहे. ते प्रेम जडले नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, ज्याला आपल्याकडे सगळे अजब बंगलाच म्हणतात. मी सातवीत असताना बाबा मला तिथे घेऊन गेले होते. शिल्पांच्या दालनात शिरताच मी गोंधळले, कारण त्या देवांच्या अंगावर काहीच नव्हते. शेंदूर नाही, हार नाही, तेलाचा ओघळ नाही. पहिल्यांदाच मला देवाच्या कमरेच्या मेखलेतला एक एक मणी वेगळा दिसला, गुडघ्यावरून उतरणारी माळ दिसली, पायाशी उभ्या असलेल्या बोटभर उंचीच्या चवरीधारिणीच्या केसांतला अंबाडा दिसला. कुणाच्या तरी छिन्नीने हे मण्यागणिक केले आहे, आणि ती छिन्नी धरणारा माणूस आपल्यासारखाच घामेजत असेल, हे मला त्या थंड दालनात एकदम कळले. एका मूर्तीच्या बुडाशी रंगाने आकडा घातलेला होता. तो आकडा मी पाठ केला. परतीच्या एसटीत बाबांना विचारले की आपल्या मरीमायच्या आतही असे मणी असतील का. बाबा म्हणाले, असतील. पुढे बारा-पंधरा वर्षे मी जे शिकत गेले त्याचे मूळ त्या एका शब्दात आहे.

बडोद्याला गेले तेव्हा कलेतिहास हा विषय इंग्रजीतून शिकावा लागणार याची मला धास्ती होती, आणि पहिले सहा महिने ती धास्ती खरीही ठरली. पण महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला विद्याशाखा १९५० मध्ये उभी राहिली ती रंगवणारे, घडवणारे आणि कलेवर लिहिणारे एका आवारात नांदावेत अशा रीतीने, आणि त्याचा मला फार आधार झाला. आमच्या वर्गाकडे जाताना शिल्पकलेच्या आवारावरून जावे लागे. तिथे मुले मातीच्या मुखवट्यावर प्लास्टर ओतून साचा काढत. साच्याच्या आतल्या बाजूला नाक खड्ड्यासारखे दिसते, डोळ्याची खोबण उंचवट्यासारखी. तो उलटा चेहरा मनात सुलटा करून पाहण्याचा छंद मला तिथे लागला. परीक्षेत त्याला गुण नव्हते. वर्गात मात्र पाहण्याची शिस्त वेगळी होती. भिंतीवर शेजारी शेजारी दोन प्रतिमा दाखवायच्या आणि त्यांच्यातला फरक बोलून दाखवायचा, ही व्योल्फलिन या स्विस अभ्यासकाने रुजवलेली रीत. आमच्या बाई तर आधी चित्र काढायला लावत. लिहिण्याआधी पेन्सिलीने काढा, त्या म्हणत, कारण हात थांबतो तिथे डोळ्याने काही तरी सोडलेले असते. हे वाक्य माझ्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर आहे.

मूर्तिशास्त्र शिकताना मला जो आनंद झाला तो सांगितल्यावाचून राहवत नाही. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म; चार वस्तू चार हातांत ठेवण्याच्या रीती होतात बरोबर चोवीस; आणि विष्णूची नावेही चोवीस, एकेका रीतीला एकेक. मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून सुरुवात करून वर जायचे, मग डावीकडे वळून खाली उतरायचे. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम लागला की तो केशव. शंख, पद्म, गदा, चक्र लागला की नारायण. गावात सत्यनारायणाच्या पूजेला आचमन करताना केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः असे भराभर म्हटले जाते, ते मी लहानपणापासून ऐकत होते. ती नावे म्हणजे दगडात कोरलेल्या चोवीस वेगवेगळ्या मूर्तींची यादी आहे हे कळले त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढे पानोफ्स्की हा कलेतिहासकार वाचला. चित्राचा अर्थ थराथराने कसा उलगडावा हे सांगताना तो रस्त्यात भेटलेल्या ओळखीच्या माणसाचा दाखला देतो: तो माणूस टोपी उचलतो, आणि ही हालचाल म्हणजे नमस्कार हे कळायला तिथला रिवाज ठाऊक असावा लागतो, शिरस्त्राण काढून आपला हेतू शांततेचा आहे असे दाखवणाऱ्या मध्ययुगीन योद्ध्यांपर्यंत त्या रिवाजाचे मूळ जाते. हा दाखला मी निबंधांतून किती वेळा वापरला असेल. युरोपातल्या टोपीमागचा रिवाज मला मुखोद्गत होता, आणि मोठीमाय अंगठ्याने शेंदूर चोपडते त्या हालचालीमागेही रिवाज असणार हे माझ्या मनात आले नाही. हा दोष शिकवणाऱ्यांचा नव्हे. रकाने मी आखले होते.

खरे तर वेगळ्या तऱ्हेची नोंद माझ्या घराजवळच होती. महानुभाव पंथाचे क्षेत्र रिद्धपूर आमच्यापासून फार लांब नाही. प्रबंधासाठी मी महानुभावांची स्थानपोथी अनेकदा चाळली आहे, कारण चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, बसले, जेवले ती स्थाने तीत टिपलेली आहेत. देऊळ गावाच्या कोणत्या अंगाला, दार कोणत्या दिशेला, आत कुठे काय, हे इतक्या काळजीने सांगितले आहे की आज पडून गेलेल्या देवळांचा आराखडा मांडायला अभ्यासकांना तिचा आधार घ्यावा लागतो. मूर्तिपूजा न मानणाऱ्या पंथाने देवळांची अशी नोंद ठेवावी याचे मला पूर्वी नवल वाटे. आता वाटत नाही. त्यांना दगडाशी कर्तव्य नव्हते, तिथे काय घडले याच्याशी होते, आणि घडलेले नेमके सांगायचे तर जागा नेमकी सांगावीच लागते. मी त्या पोथीतून दिशा आणि दारे उचलली. इथे कोण बसले, कोण काय बोलले, हा मजकूर मी माझ्या कामाचा नाही म्हणून सोडून देत आले.

यंदा मृगाचा पहिला पाऊस पडला आणि तिसऱ्या दिवशी चुलतभावाचा फोन आला. मरीमायची खोळ उतरली होती. उन्हाळाभर पंचेचाळीस अंशांत तापलेला शेंदूर पहिल्या सरींनी दगडापासून सुटला आणि रात्रीतून पुढच्या बाजूने जवळजवळ अखंड गळून पडला. गाव थोडे धास्तावले होते. मोठीमाय धास्तावलेली नव्हती. तिच्या सासूच्या वेळी एकदा असेच झाले होते म्हणे. मी पोचले तेव्हा खोळ ओट्यावर पांढऱ्या धडप्यावर पालथी ठेवली होती आणि दगड उघडा होता. मी आधी दगडाकडे धावले, हे कबूल केले पाहिजे. ती देवी नव्हती. मानेपासून वर तुटलेला विष्णू होता. खालचा उजवा हात वरदमुद्रेत, त्याच्या तळव्यावर पद्म. वरच्या उजव्या हातात शंख, थोडा झिजलेला. वरच्या डाव्या हातात चक्र, अर्धे उडालेले, पण आरे मोजता येत होते. खालच्या डाव्या हाताशी गदा. केशव. मेखलेचे मणी होते, गुडघ्यांखाली लोंबणारी वनमाला होती, धाटणी यादवकाळातली, बाराव्या-तेराव्या शतकातली वाटत होती. बाबा आता नाहीत. मणी दिसले तेव्हा मला त्यांना सांगावेसे वाटले.

मग मी उंची मोजली. ५८ सेंमी.

माझ्या कार्डावरच्या ६२ सेंमींपैकी चार सेंमी शेंदूर होता. तो मीच मोजला होता, मूर्तीची उंची म्हणून, आणि त्याच कार्डावर खाली त्याला नुकसान म्हटले होते. ही गोष्ट लक्षात आली तेव्हा मी उठून खोळीपाशी गेले. ती आम्ही दोघींनी मिळून उलटी केली. वजन इतके होते की माझी मनगटे भरून आली. आतल्या बाजूला केशवाची छाती उमटलेली होती, बडोद्याच्या आवारातल्या साच्यासारखी उलटी: कौस्तुभाच्या जागी खड्डा, यज्ञोपवीताच्या जागी नागमोडी चर, वनमालेचा प्रत्येक वळसा खोल गेलेला. दगडावर ऊनपावसाने झिजून गेलेल्या एक-दोन रेघा इथे अधिक ठळक होत्या, कारण शेंदराने त्या कधी तरी, झिजण्याच्या आधी, धरून ठेवल्या होत्या. आणि बाहेरच्या बाजूला, नेमक्या त्या छातीवर, मरीमायचा चेहरा होता. चांदीचे डोळे कौस्तुभाच्या दोन अंगांना बसत होते. तुटलेल्या मानेचा ओबडधोबड भाग शेंदराने गोल होत होत तिचे कपाळ झाला होता. एका बाजूने पाहिले तर विष्णूची छाती, दुसऱ्या बाजूने देवीचे मुख, आणि मध्ये चार बोटे जाडीचा काळ.

तुटलेल्या कडेवर मी भिंग धरले. नारिंगी थर, त्यावर धुरकट तेलाची तपकिरी रेघ, पुन्हा नारिंगी, कुठे वर्खाची बारीक चमक, कुठे तांदळाचा अख्खा दाणा, कुठे पिवळ्या दोऱ्याचा तुकडा. दगडाकडे जाता जाता थर काळवंडत गेलेले. सत्तेचाळीसपर्यंत मोजले, पुढचे एकमेकांत मिसळलेले होते. चित्रांच्या जतनाचे काम करणारे लोक रंगाचा कणभर छेद सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन असेच थर मोजतात आणि चित्रकाराने कुठे विचार बदलला ते ओळखतात, हे मी वर्गात शिकले होते. मी मोठीमायला विचारले, शेंदूर कशात कालवतेस. ती म्हणाली, "जवसाच्या तेलात. दुसरं लावलं तं चिकट राह्यते, मुंग्या लागते."

जवसाचे तेल. आमच्या घरी लहानपणी भाजीला तेच असायचे, आणि त्याचा तो किंचित कडवट वास बडोद्यात चित्रकलेच्या वर्गाच्या दाराशी आला की मला घरची आठवण येई. तैलरंगाचा इतिहास मी परीक्षेत सविस्तर लिहिला होता. जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होते आणि रंगाला धरून ठेवते. पंधराव्या शतकात फ्लँडर्समध्ये यान व्हॅन आइक आणि त्याच्या भोवतीच्या चित्रकारांनी ही रीत फार वर नेली. ती त्यानेच शोधली अशी समजूत पुढे मागे पडली, आणि २००८ मध्ये तर बामियानच्या गुहांतल्या सातव्या शतकाच्या सुमाराच्या भित्तिचित्रांतही सुकणारे तेल सापडल्याचे प्रसिद्ध झाले. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड, आणि शिशामुळे असे तेल अधिक लवकर सुकते. लॅटिनमध्ये त्याला मिनियम म्हणत. युरोपातल्या हस्तलिखितांत आद्याक्षरे त्याने रंगवत, आणि ज्या लघुचित्रांना आपण मिनिएचर म्हणतो तो शब्द याच शेंदरापासून आला आहे, आकाराच्या लहानपणापासून नव्हे. हे सगळे मला ठाऊक होते. सुटे सुटे ठाऊक होते. रंगद्रव्य, माध्यम, थर, हात, आश्रयदाते: प्रत्येक गोष्टीला माझ्या शास्त्रात शब्द होता, आणि ते सारे शब्द ज्या वस्तूला लागू पडत होते तिच्यापुढे बसून मी दोन वर्षांपूर्वी एकच शब्द लिहिला होता.

याचा अर्थ शेंदूर लावत राहावा आणि कोरीव काम झाकून जावे, असे मी म्हणू शकत नाही. लेपाखाली ओल कोंडून दगड खराब होतो असे जतनाचे काम करणारे सांगतात, आणि शिसे विषारी आहे. मोठीमायला हात साबणाने घासून धुवायला मी हट्टाने लावते. केशव आणखी एखाद्या पिढीने पुन्हा उघडा होईल या विचाराने घशाशी काही तरी येते. दुसरीकडे हेही दिसते की याच तालुक्यांत माझ्या यादीतली दोन शिल्पे, शेंदूर नसलेली, कुणाचीच नसलेली, मी पुन्हा गेले तेव्हा जागेवर नव्हती. मेहकरला १८८८ मध्ये जमिनीतून निघालेली शार्ङ्गधर बालाजीची मूर्ती परदेशी जाऊ नये म्हणून लोकांनी लगोलग तिची प्रतिष्ठापना केली, असे तिथे सांगतात; पूजेत असलेला देव सहसा कुणी उचलून नेत नाही. आमच्या केशवाला इतकी वर्षे मरीमायने राखले. हे प्रबंधात कोणत्या प्रकरणात घालायचे ते मला अजून ठरवता आलेले नाही. स्थिती या रकान्यातले वाक्य आता खोडले आहे, तिथे जागा पुरली नाही म्हणून मागे चार पाने जोडली आहेत, आणि त्यातले पहिले वाक्य आहे: लेप, शेंदूर व जवसाचे तेल, किमान सत्तेचाळीस थर, दोन पिढ्यांतल्या स्त्रियांच्या हातचा निश्चित, त्याआधीचा अज्ञात.

खोळीचा एक तुकडा मी मागितला होता. मोठीमाय नाही म्हणाली. अख्खी उतरली ती अख्खीच जाईल. दुपारी चुलतभावाने ती बैलगाडीत घालून नदीवर नेली. ते शिसे पाण्यात जाणार ही रुखरुख मला लागली आणि मी ती बोलूनही दाखवली. गाडी गेली. तोवर मी खोळीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले होते, कडेचा छेद कागदावर उतरवला होता. दगड मात्र राहिला होता. "पाहून घे मग," मोठीमाय म्हणाली. "दिवेलागणीले लावतो मी. उघडी नाही ठेवता येत रातच्याले."

मी चार वाजता काढायला बसले. आभाळ भरून आले होते, उजेड सपाट होता, कोरीव कामाच्या कडा लवकर हाती लागत नव्हत्या. पाय झाले, गदा झाली, मेखला झाली. सात वाजायच्या सुमाराला ती कंदील आणि पितळेची वाटी घेऊन आली. वाटीत शेंदूर कालवलेला होता, घट्ट, भाकरीच्या पिठाहून जरा सैल. तिने दगडावर पाणी ओतले, पदराने टिपले, मग पायथ्यापासून वीत लावून मोजले. दोन विती आणि चार बोटे. तिथे अंगठ्याने खूण केली, डोळ्यांची. कौस्तुभाच्या जरा वर.

"झालं का तुह्यं?"

"वरचं राह्यलं. शंख आन चक्र."

तिने वाटी कडेला ठेवली नाही. क्षणभर दगडाकडे पाहिले, आणि मग पायाकडून सुरुवात केली. एरवी ती कपाळापासून लावते. अंगठा बुडवायचा, टेकवायचा, खालून वर ओढायचा, कडेला तर्जनीने फिरवून घ्यायचा. प्रत्येक ओढीनंतर अंगठा त्याच बोटावर पुसायचा. पावले गेली, वनमालेचा शेवट गेला. मी शंखाच्या मुखाशी होते. तिचा हात गुडघ्यांपर्यंत आला तेव्हा मी चक्राचे आरे मोजायला घेतले. कंदील तिने माझ्या बाजूला सरकवला.